फंडाचा हात

माझा भाऊ कंपन्या सुधारणार होता. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो आमच्या मागच्या पडवीत भाकरी आणि कालवांचं सुकं खात बसला होता. ती कालवं आमच्या आईने त्याच दिवशी सकाळी ओहोटीला खाडीतल्या खडकांवरून काढून आणली होती. तो सुट्टीला आलेला, म्हणून बाजारात न नेता घरी ठेवलेली.

आई आम्हा दोघांना कालवं काढून वाढवत होती. वडील होडीवर असत. ते गेले तेव्हा आम्ही दोघंही शाळेत होतो. त्यानंतर पाणी ओसरलं की आई लहान कोयती आणि टोपली घेऊन खडकांवर जायची, शिंपले फोडून आतला गर काढायची आणि मालवणच्या बाजारात विकायची. तिच्या बोटांवर सतत चिरा असायच्या. माझा भाऊ हुशार होता, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो मुंबईला मामाकडे राहून शिकला आणि १९९८ च्या सुमाराला एका म्युच्युअल फंडाच्या कचेरीत लागला. लोकांचे पैसे एकत्र करून कंपन्यांचे शेअर घ्यायचे, हा त्या फंडाचा धंदा. मी इथेच राहिले, हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागले. लग्न केलं नाही. आईबरोबर राहिले.

वरच्या डोंगरात लोखंडाच्या मातीची खाण सुरू झाली ती त्यानंतर काही वर्षांनी. माती धुतलेलं पाणी ओढ्याने खाली यायचं आणि खाडीला मिळायचं. पहिल्या वर्षी खाडी पावसाळ्यापुरती तांबडी दिसली. पुढे ती हिवाळ्यातही तांबडी राहू लागली. कालवं मोठी होण्याआधीच मरायची. शिंपला उघडला की आत काळपट पाणी. आई आमच्याकडच्या खडकांवरून हटली आणि खाडीच्या तोंडाकडच्या, लांबच्या खडकांवर जाऊ लागली. तिच्याबरोबर जाणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांनी धंदा सोडला. काही शिरोड्याकडे लेकींकडे गेल्या, काही तारकर्लीला पर्यटकांच्या खोल्या झाडू लागल्या.

म्हणून त्या दिवशी मी भावाला विचारलं, "ती खाणवाली कंपनी ठाऊक आसा तुका?"

तो हसला. घरचं बोलताना तो मालवणीत बोलायचा, पण कामाचा विषय निघाला की शुद्ध मराठीत शिरायचा. तसाच शिरला. "ठाऊक काय? आमच्या फंडाकडे तिचे ढिगाने शेअर आहेत. मूळ मालक सोडले तर आम्हीच सगळ्यात मोठे भागीदार."

त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट तो उत्साहात आला. म्हणाला, मोर्चे काढून, अर्ज देऊन कंपनी ऐकत नाही. कंपनी शेअरचा भाव ऐकते. आणि भाव आमच्यासारख्या मोठ्या गुंतवणूकदारांच्या हातात असतो. आम्ही विकायला काढलं तर भाव पडतो, चेअरमनची झोप उडते. आम्ही धरून ठेवलं, आणखी घेतलं, तर भाव चढतो. आता परदेशातले पेन्शनचे फंड विचारायला लागलेत, कंपनी पाण्याचं काय करते, माणसांचं काय करते. जी कंपनी नीट वागेल तिला ते घेतील. "तू बघच. सरकारला जमलं नाही ते आम्ही करू."

मी म्हटलं, "खाण तुमची, चिखोल तुमचो, आणि सुधारणार पण तुमीच?"

"तुझ्याशी बोलणं म्हणजे..." तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

आई चुलीपाशी होती. ती आमच्यात पडली नाही. मुलाने सांगितलेलं तिला खरं वाटत होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि त्याचा मला राग येत होता.

पुढच्या थंडीत तो खरंच माणसं घेऊन आला. दोन गाड्या. एकीत तो आणि युरोपातल्या कुठल्याशा पेन्शन फंडाची एक बाई, दुसरीत खाणीचा मॅनेजर. बाईला गावातल्या लोकांशी बोलायचं होतं, दुभाषा हवा होता. भावाने मला शाळेतून सुट्टी घ्यायला लावली. मी तयार झाले, कारण मला वाटलं, एकदा तरी सगळं सांगता येईल.

आम्ही ओहोटीला खडकांवर गेलो. बाईने उंच रबरी बूट घातले होते. मॅनेजर कोरड्यावर उभा राहिला. बाईने आईला विचारलं, पूर्वी आणि आता काय फरक पडला? मी ते आईला सांगितलं.

आई म्हणाली, "सांग तिका, पयली येका ओहोटीक टोपली भरान जाय. आता अर्धी पण भरणा नाय. खडकार तांबडो चिखोल बसता, कालवां आतल्या आत मरतत."

मॅनेजर लांबून माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, जरा सौम्य सांगा. नैसर्गिक कारणंही असतात."

मी शब्दाला शब्द सांगितलं, आणि मॅनेजर काय म्हणाला तेही सांगितलं. बाईने वहीत लिहून घेतलं. भावाने माझ्याकडे बघितलं नाही. मग बाईने आईचे फोटो काढले: टोपलीसकट, कोयतीसकट, नुसत्या हातांचे. आईने एक ताजं कालव फोडून तिच्यापुढे धरलं. बाईने आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग मला विचारलं, हे खाणं सुरक्षित आहे का? मी म्हटलं, ते तुमच्या कंपनीला विचारा. तिने खाल्लं नाही. आईने ते स्वतः तोंडात टाकलं.

त्यानंतर जे झालं ते मी आधी मान्य करते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. कंपनीवर दाब आला. भावाच्या फंडाने आणि त्या परदेशी फंडाने चेअरमनला मुंबईत बोलावून घेतलं. काही महिन्यांत खाणीखाली गाळ बसवायची मोठी तळी खोदली गेली, तिला मातीचा बांध घातला. धुतलेलं पाणी आधी तळीत थांबायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओढ्यात सोडायचं. त्या वर्षी खाडी थोडी निवळली. जवळच्या खडकांवर बारकी कालवं धरली. बायका आईला लेकाचं कौतुक सांगू लागल्या, तुझ्या झिलान केल्यान.

शेअरचा भाव चढला. परदेशी फंडाने आणखी शेअर घेतले, त्यांचं बघून इतरांनी घेतले. भावाला बढती मिळाली. त्याने आईच्या नावाने डिमॅट खातं उघडलं आणि त्या कंपनीचे थोडे शेअर तिला भेट दिले. फोनवर म्हणाला, "आये, आता तूय मालकीण!" आई दिवसभर खूश होती. मी तिला म्हटलं, त्याने तुला त्या चिखलात भागीदार केलं. ती म्हणाली, "तुझ्या तोंडार कधी बरा काय येता काय गो?"

येत नव्हतं. तेव्हाही नव्हतं.

मालकीण असल्यामुळे पोस्टमन एक दिवस कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन आला. जाड, गुळगुळीत कागदाचा. आईने अंगणातच तो उघडला. मधल्या पानावर तिचा फोटो होता. खडकावर बसलेली, टोपली मांडीशी, मागे खाडी. पाणी निळं दिसत होतं. आमच्या खाडीचं पाणी असं निळं कधीच नसतं, चांगल्या दिवसांतही ते हिरवट असतं.

"ह्या माझा थोबाड मा गो?" आई म्हणाली. "खाली काय लिवलेला आसा?"

खाली लिहिलं होतं की कंपनी स्थानिक समाजाबरोबर हातात हात घालून चालते आणि त्याच्या उपजीविकेचं रक्षण करते. मी तिला वाचून दाखवलं. तिने ते पान पदराने पुसलं, जसं काही ओलं झालं होतं, आणि अहवाल कपाटात ठेवला. तिला फोटो आवडला होता. मला तो फाडून चुलीत घालावासा वाटत होता.

मग २००८ साली बाजार कोसळला. मातीला गिऱ्हाईक राहिलं नाही, भाव पडला, आणि त्या कंपनीचा शेअर सगळ्यांबरोबर खाली आला. भाऊ त्या वर्षी दिवाळीला आला तोच उतरलेला. त्याच्या फंडात पैसे ठेवणारे लोक पैसे परत मागत होते. दर तीन महिन्यांनी त्याला वरच्यांना जाब द्यावा लागत होता. फराळाला बसूनही फोन चालू. मी ऐकत होते. तो कुणाला तरी सांगत होता की त्या कंपनीने खर्च कापायला हवा, जो खर्च उत्पादनाला लागत नाही तो आधी.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तळीतलो गाळ काढूचो खर्च खयच्या खात्यात येता?"

फोन खिशात घालत तो म्हणाला, "नेमकं कुठे कापायचं ते आम्ही सांगत नाही. आम्ही फक्त आकडा सांगतो."

गाळ काढणं त्या हिवाळ्यात थांबलं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तळीवर काम करणारी गावातली माणसं घरी बसली होती. मी मॅनेजरला जाऊन भेटले. त्याने चहा दिला आणि म्हणाला, वरून आदेश आहे, मॅडम, शेअरहोल्डर नाराज आहेत. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, कंपनीचं रोजचं काम आम्ही चालवत नाही. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि तळी भरत गेली.

पुढच्या पावसात बांध फुटला. ओढा वरून खाली एकाच दिवसात गाळ घेऊन आला. ओढ्याकाठची काही शेतं त्याखाली गेली; खाडीतले जवळचे खडक दिसेनासे झाले. माणूस मेलं नाही, म्हणून कुणी फारशी दखल घेतली नाही. पाणी ओसरल्यावर आई खडकांवर गेली. मी तिच्या मागून गेले. ती गुडघ्याएवढ्या तांबड्या चिखलात उभी राहून पायाने खडक चाचपत होती. तिने मला हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने टोपली डोक्यावर घेऊन, रिकामीच, वर आली.

त्याच आठवड्यात तिने कपाटातून अहवाल काढला आणि माझ्यापुढे टाकला.

"ह्येंनी माका मालकीण केल्यानी. मग मालकिणीन बोलाचा खंय?"

मी सांगितलं, दरवर्षी मुंबईला भागधारकांची सभा असते. तिथे बोलता येतं.

"मगे चल," ती म्हणाली.

सप्टेंबरात आम्ही कुडाळला गाडी धरली. भावाला मी कळवलं नाही. आईनेही कळवू नको म्हटलं. तिला वाटत होतं, तो उगाच काळजी करेल. मला वाटत होतं, तो अडवेल.

सभा दक्षिण मुंबईतल्या एका थंडगार हॉलमध्ये होती. दारात आईचं नाव तपासलं, बोलणाऱ्यांच्या यादीत लिहून घेतलं, मला तिची सोबत म्हणून आत सोडलं, हातात खाण्याचा खोका दिला: सामोसा, केक, बटाट्याच्या वेफर्स. आत बहुतेक म्हातारी माणसं, वर्षानुवर्षं अशा सभांना येणारी. एकेक उठून माइकवर चेअरमनची स्तुती करत होता. एकाने लाभांशाबद्दल कविता म्हटली. चेअरमन प्रत्येकाला नमस्कार करत होता. पुढच्या रांगांत सूट घातलेली काही माणसं बसली होती, बँकांची, विमा कंपन्यांची, फंडांची. ती बोलत नव्हती. त्यांचं बोलणं आधीच, वेगळ्या खोलीत, झालेलं असतं, हे मला भावाकडूनच कळलं होतं.

आईचं नाव पुकारलं. ती नऊवारी सावरत माइकपाशी गेली. माइक उंच होता, कुणी तो खाली केला नाही. मी जाऊन खाली केला.

"मी कालवां काढतंय," ती म्हणाली. "तुमच्या पुस्तकात माझो फोटो आसा. तुमचो बांध फुटलो. सगळो चिखोल आमच्या खडकार इलो. कोयती मारूची खंय ताच समाजणा नाय. तो चिखोल कोण काढतलो, येवढाच सांगा."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मालवणी ऐकलं की मुंबईत हसतात, नाटकातलं वाटतं. चेअरमन हसला नाही. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "मातोश्रींच्या भावनांचा आम्हाला आदर आहे. यंदाचा पाऊस असाधारण होता. आमचे अधिकारी आपल्याला भेटतील." आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. आई अजून माइकसमोर उभी होती. तिला वाटलं, उत्तर अजून यायचं आहे. एका मुलीने तिचा दंड धरून तिला जागेवर आणून बसवलं.

मग ठराव आले. ज्या संचालकाच्या हाताखाली खाणीचा खर्च कापला गेला त्याची फेरनेमणूक. चेअरमन म्हणाला, बाजूने असतील त्यांनी हात वर करावा.

पुढच्या रांगांतले हात वर गेले. त्यात माझ्या भावाचा होता. मी त्याला मागून ओळखलं नव्हतं. हात वर झाल्यावर मनगटावरचं घड्याळ आणि कानामागचा तीळ दिसला. म्हणजे आई बोलत होती तेव्हा तो तिथेच बसलेला. मागे वळूनही बघितलं नव्हतं. आईने तो हात बघितला. विरोधात कोण, असं विचारल्यावर मी हात वर केला आणि आईचाही उचलला. तिने तो मला उचलू दिला, पण जड ठेवला. शेअर माझे नव्हते, मला मत नव्हतं. कुणी मोजलंही नाही. ठराव मंजूर.

बाहेर पायऱ्यांवर त्याने आम्हाला गाठलं. चेहरा पांढरा पडलेला.

"आये, तू येतलंस म्हणान माका कळवलंस कित्याक नाय?"

आईने खाण्याचा खोका पिशवीत घातला.

"तो हात माझो नाय गे आये. फंडाचो हात तो. वरून ठरवन येता, आमी फकत वर करतंव."

मी त्याला तिथे, त्या सूटवाल्यांच्या देखत, जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच म्हणते की मालवणीतल्या शिव्या त्या पायऱ्यांवर त्याआधी कुणी दिल्या नसतील. तो ऐकत उभा राहिला. मध्ये एकदाच म्हणाला, "मी विरोधात हात केला असता तर उद्या माझ्या जागी दुसरा बसला असता, आणि त्यानेही हेच केलं असतं." हे त्याने शुद्ध मराठीत म्हटलं.

आईने माझ्याकडे वळून विचारलं, "गाडी किती वाजता आसा गो?"

पुढे काय झालं ते थोडक्यात. गावातल्या बायका आणि ओढ्याकाठचे शेतकरी कलेक्टर कचेरीत जाऊन बसले, उठले, परत जाऊन बसले. शेवटी नोटीस निघाली आणि कंपनीने बांध पुन्हा घातला, या वेळी दगडाचा. जवळच्या खडकांवरचा चिखल त्यांनी काढला नाही. तो समुद्राने थोडा थोडा नेला, अजून नेतो आहे. आई खाडीच्या तोंडावरच्या खडकांवर जाते, वयामुळे रोज नाही.

२०१० मध्ये भावाच्या फंडाने त्या कंपनीचे सगळे शेअर विकले. पर्यावरणाच्या कारणास्तव बाहेर पडलो, असं त्यांनी छापून आणलं. परदेशी फंडही बाहेर पडला. भाव काही दिवस खाली गेला. मग दुसऱ्या कुणीतरी, ज्याला खाडीबद्दल काही विचारायचं नव्हतं, स्वस्तात घेतले, आणि भाव होता त्याच्याही वर गेला. भावाने फोन करून सांगितलं, जणू चांगली बातमी होती: "आम्ही बाहेर पडलो." मी म्हटलं, तुम्ही पडलात. आम्ही कुठून पडायचं? निदान तुम्ही आत होतात तेव्हा ओरडायला एक ओळखीचं दार होतं. आता जो मालक आहे त्याचं तोंडही ठाऊक नाही.

"म्हणजे विकायचं नाही, ठेवायचंही नाही, मग करायचं काय आम्ही?" तो चिडून म्हणाला.

"त्या सभेत मागे वळून बघायचं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

त्या वर्षी तो चतुर्थीला आला तेव्हा आई त्याच्याशी बोलली. नेहमीसारखं. मुंबईतल्या त्याच्या मुलांचं विचारलं, तो वाळला म्हणाली, पानात दोन मोदक जास्त वाढले. तो गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. त्याच्याशी अशी बोलतेस कशी?

ती मागच्या पडवीत कोयतीला धार लावत होती. "तुका तो भाव आसा, माका झील," ती म्हणाली. "तुका बोलूचा नाय तर बोलू नको. मी काय तुका बोल म्हणान सांगतंय?"

खरंच, तिने कधी सांगितलं नाही. मीही बोलत नाही. तो आला की मी चहा ठेवते, तो समोर ठेवते आणि माझ्या वह्या तपासायला बसते. एकदा त्याने विचारलं, असं किती वर्षं चालणार? मी वह्यांतून मान वर काढली नाही.